सां-वेरांचा एकोपा कुठून आला?

डोंगरातल्या गावांचं एक ठरावीक चित्र आपल्या मनात असतं: माणसं भोळी, जगापासून तुटलेली आणि म्हणूनच एकमेकांना धरून राहणारी. फ्रान्सच्या आग्नेयेला, इटलीच्या सीमेलगत केरास खोऱ्यात २,०४० मीटर उंचीवर सां-वेरां हे गाव आहे. युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या वस्त्यांत त्याची गणना होते. या गावाचा इतिहास पाहिला की ते चित्र टिकत नाही. इथला एकोपा नियमांतून, हिशेबातून आणि शिक्षणातून घडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरावा आधी घरांचा. जुन्या घरांची तोंडं दक्षिणेकडे, उन्हाकडे. खालचा मजला दगडी. तिथे हिवाळाभर माणसं आणि गुरं एकत्र, गुरांच्या उबेवर. वर लार्चच्या ओंडक्यांचा माळा, त्यात चारा. पुढे लांबलचक सज्जे, कारण उन्हाळा इतका तोकडा की धान्य शेतात पुरतं वाळतच नाही. कापलेल्या पेंढ्या सज्जात वाळवाव्या लागत. लाकूड आणि सुकं गवत एकत्र आलं की आगीची धास्ती आलीच. म्हणून गाव वेगवेगळ्या वाड्यांत विभागलं आणि दोन वाड्यांमध्ये मोकळा पट्टा राखला. त्यात बांधकाम करायचं नाही. वाडीची भाकरीची भट्टी आणि लाकडी कुंडाचा पाणवठा सामायिक. चढावर सपाट जागेचं मोल किती असतं, हे सह्याद्रीत शेती करणाऱ्याला सांगायला नको. तरी ती जागा सगळ्यांच्या सुरक्षेसाठी सोडली गेली.

दुसरा पुरावा कागदावरचा. १३४३ मध्ये ब्रियांसों आणि केरास परिसरातल्या गावांनी दोफिने प्रांताचा सत्ताधीश दुसरा अंबेर याच्याकडून सनद मिळवली. १२,००० सुवर्ण फ्लोरिन रोख आणि शिवाय वार्षिक रक्कम देऊन. सभा भरवणं, आपले कारभारी निवडणं, कराची वाटणी आपसांत ठरवणं हे हक्क त्यांना मिळाले आणि फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकले. असा कारभार चालवायचा तर लिहिता-वाचता यायला हवं. या खोऱ्यांत साक्षरता लक्षणीय होती, इतकी की शेतं बर्फाखाली गेली की इथले पुरुष खालच्या जत्रांत टोपीला पीस खोवून उभे राहत: एक पीस वाचन-लेखनाचं, दुसरं गणिताचं, तिसरं लॅटिनचं. शिक्षक म्हणून हिवाळ्यापुरती चाकरी मिळे.

कुणी म्हणेल, गरिबीनं भाग पाडलं, त्यात श्रेय कसलं? पण गरिबी आणि थंडी कितीतरी ठिकाणी होती. सनद विकत घेण्याची दूरदृष्टी सगळीकडे नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा एकोपा अपुरा होता. १६८५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा राजादेश रद्द झाला आणि केरासमधल्या अनेक प्रोटेस्टंट कुटुंबांना देशोधडीला लागावं लागलं. भट्टी आणि पाण्याच्या नियमांना राजसत्तेच्या धर्मवेडापुढे इलाज नव्हता, हे मान्यच करायला हवं.

आज गावात कायमचे रहिवासी जेमतेम काही शे आहेत आणि पोट मुख्यतः पर्यटनावर आहे. पण म्हणून त्याला नुसतं प्रेक्षणीय स्थळ म्हणणं अन्यायाचं ठरेल. बाहेरच्या जगाकडून कमाई आणणं इथे शतकानुशतकं चालत आलं आहे. तिथे जाणाऱ्यांनी छायाचित्रं जरूर काढावीत, पण दोन वाड्यांमधला तो मोकळा पट्टाही नीट पाहावा.