मोहाची पहाट आणि वाघाची वाट



मार्च लागला की आमच्या मूल परिसरात मोह गळायला लागतो. रात्रभर फुले गळतात. कोंबडा आरवायच्या आधीच बायाबापड्या टोपली घेऊन घराबाहेर पडतात. याच दिवसांत वर्तमानपत्रात बातमी येते: मोहफुले वेचताना वाघाचा हल्ला. या कामाला हातभार लावणारे शहरातले बंधुभगिनी मग विचारतात, वाघ आहे हे माहीत असताना ही माणसे जंगलात जातातच कशाला? त्याचे उत्तर इथल्या भूगोलात आहे.

मूलच्या पश्चिमेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. पूर्वेला वैनगंगा, आणि नदीपलीकडे गडचिरोली. १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. या दोन जंगलांच्या मधे मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी हे तालुके येतात. इथे धानाच्या बांध्या आहेत, माजी मालगुजारी तलाव आहेत, आणि गावागावाला लागून जंगलाचे तुकडे आहेत. वाघाचे पिल्लू दोनेक वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते आणि स्वतःचा इलाखा शोधू लागते. ताडोबात जागा उरली नाही, की त्याची वाट याच तुकड्यांतून जाते. तलावात पाणी असते, रानडुकरे असतात, गावची ढोरे असतात. मग ते इथेच मुक्काम करते. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. जंगल काही त्या प्रमाणात वाढलेले नाही.

आता माणसांची बाजू. पावसावरचे धान हे इथले मुख्य पीक. ते घरात आले की पुढच्या पावसापर्यंत भूमिहीन घराला हातात पैसा देणारे दोनच हंगाम राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह, आणि मे महिन्यात ७० पानांचा एक पुडा बांधून विकायचा तेंदूपत्ता. मोहाचे नाव काढले की आमच्या मंडळीतले काही जण कपाळाला आठ्या घालतात, कारण त्यांना फक्त दारू आठवते. पण वाळवलेली फुले लोक भाजून खातात, त्यांचे लाडू करतात, बियांचे तेल काढतात. गोंड घरात मोहाचे झाड आईच्या जागी असते. दारूला विरोध जरूर करावा, झाडाला कशाला?

१०४ व्या स्तोत्रात देवाने दिवसाची वाटणी केलेली दिसते. रात्र रानातल्या श्वापदांची. सूर्य उगवला की ती आपल्या गुहेत परततात, आणि मग माणूस कामाला निघतो. मोहाचे फूल नेमके हे वेळापत्रक मोडते. ते पडते रात्री आणि वेचावे लागते पहाटे, म्हणजे वाघ अजून फिरतीवर असताना. एका गावात मी एका मावशीला म्हटले, ऊन वर आल्यावर जात जा. ती म्हणाली, "तवरीक ढोरं खाऊन टाकतेत, मंग आमी का येचाव जी?" खरेच आहे. हरीण, अस्वल, गायी, सगळ्यांनाच ही फुले आवडतात. शिवाय वेचणारी बाई वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. झुडपाआडून वाघाला ती माणसासारखी दिसत नाही, चार पायांच्या जनावरासारखी दिसते.

जाऊच नका, असे सांगून भागत नाही, आणि तो न्यायही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर लोकांचा हक्क मान्य केला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतःच्या परवान्यावर विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मोह वेचणारी बाई चोर नाही, हे आधी आपण समजून घेतले पाहिजे.

मग करता काय येते? एकटीने जाऊ नये, पाच-सहा जणींनी मिळून जावे. त्यातल्या एकीने वेचू नये, उभे राहून चहूकडे पाहावे, आणि तिचा वाटा बाकीच्यांनी काढून ठेवावा. ही शेवटची अट फार महत्त्वाची, नाहीतर उभे राहायला कोणीच तयार होत नाही. आपसात मोठ्याने बोलत राहावे. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची सवय आहे, ती सोडावी. त्याच आगीने उन्हाळ्यात जंगल जळते. पाला झाडून बाजूला केला तरी काम होते. बांधावरच्या झाडांखाली जाळी बांधता येते. शेजारच्या छत्तीसगडात तसे करतात. फूल जाळीत अडकते, ढोरांच्या तोंडी लागत नाही, मातीही लागत नाही, आणि पहाटेची घाई उरत नाही. काही गावांत वनविभागाची प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. ताजे ठसे दिसले तर त्या पोरांना लगेच सांगावे, आणि त्या दिवशी तो भाग सोडावा.

जाळीला पैसा लागतो, आणि ती फुले गळायच्या आधी झाडाखाली लागली पाहिजे. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत.