सॅक नको? चालेल, पण औषध कुठंय?

'तासा-दीड तासाचा तर गड आहे, सॅक कशाला?' रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. आम्हीही तेच म्हणालो. सगळं सामान बाइकच्या डिकीत टाकलं आणि निघालो. अर्ध्या वाटेत मैत्रिणीला धाप लागली. तिला दमा आहे. इनहेलर? डिकीत! एक मित्र धावत खाली गेला आणि घेऊन आला. ती बरी झाली. पण तेवढा वेळ आमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मग सॅक हवीच का? छोट्या ट्रेकला नाही. पण गरजेच्या वस्तू अंगावरच हव्यात, आणि दोन्ही हात मोकळे. घसरडीवर आधी हातच टेकवावे लागतात. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात बाटली असेल तर टेकवणार काय?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कमरेला बांधायचा पाउच. आपल्या आज्या कनवटीला पैसे खोचायच्या, आजोबांच्या कमरेला चंची असायची. तेच लॉजिक! वजन कमरेशी घट्ट असलं की हिंदकळत नाही. चढताना पाउच पाठीकडे फिरवा, म्हणजे गुडघा आपटणार नाही. पँटच्या पुढच्या खिशातला मोबाइल प्रत्येक पावलाला मांडीवर आदळतो आणि मागच्या खिशातला बसताना निसटतो. त्यालाही पाउचमध्येच टाका.

आत काय? स्वतःचं औषध सगळ्यात वर, पटकन हाताला लागेल असं. मग गाडीची किल्ली, दोन बँडेज, ओआरएसचं पाकीट, एक शिट्टी. थोडे सुटे पैसेही ठेवा, गडावर रेंज गेली तर मटक्यातलं दही यूपीआयवर मिळायचं नाही! पावसाळ्यात मोबाइल झिपलॉक पिशवीत. आणखी एक रिकामी पिशवी घ्या, आपला कचरा खाली आणायला.

उरलं पाणी. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, ते हातात नको. पट्ट्याची बाटली तिरकी खांद्यावर घ्या आणि पट्टा आखूड करा, नाहीतर ती दर पावलाला कमरेवर आपटेल. मात्र वाट मोठी असेल, ऊन असेल किंवा मुक्काम असेल, तर मुकाट्याने सॅक घ्या.

या रविवारी निघण्याआधी दोन्ही हात वर करून बघा. रिकामे आहेत? औषध अंगावर आहे? मग चला!