मुक्या सोबत्याचें हिंवाळी अंथरूण

मार्गशीर्ष लागला, कीं घरोघरीं रजया आणि घोंगड्या बाहेर निघतात. घरांतील प्रत्येक माणसाच्या पांघरुणाची तजवीज होते. दाराशीं निजणाऱ्या कुत्र्याचा विचार मात्र सर्वांत शेवटीं येतो, आणि तोही बहुधा एक जुनें पोतें टाकून संपतो. निसर्गानेंच त्याला केंसांचें पांघरूण दिलें आहे, अशी समजूत यामागें असते. ती अर्धीच खरी आहे.

कोणतेंही अंथरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. ऊब उत्पन्न होते ती प्राण्याच्या शरीरांत. निरोगी कुत्र्याच्या शरीराचें उष्णतामान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसाहून अधिकच असतें. ही उष्णता मुख्यतः तीन वाटांनीं निसटते : खालच्या गार फरशींत, वाहत्या वाऱ्यांत आणि ओलाव्यांत. या तीन वाटा जें अडवील, तेंच चांगलें अंथरूण. मग त्याची किंमत कांहींही असो.

पहिली वाट फरशीची. पुण्या-नाशिकाकडे पौषांत पहांटेचें उष्णतामान पुष्कळदा ५० अंशांच्या खालीं उतरतें. केंसांत अडकलेली हवा प्राण्याला ऊब देते. परंतु अंगाखालीं दबलेल्या केंसांत हवा राहत नाहीं, आणि शहाबादी फरशी तेवढ्या भागांतून उष्णता ओढून घेते. म्हणून पांघरुणापेक्षां खालच्या थराचें महत्त्व अधिक. चार बोटें उंच लांकडी फळी, तीवर गोणपाट आणि वर घोंगडीच्या दोन-तीन घड्या, एवढ्यानें काम भागतें. घडीवर कोपर दाबून पाहावें. खालचा टणकपणा लागला, तर घडी अपुरी समजावी.

दुसरी वाट वाऱ्याची. दाराच्या फटीसमोर ठेवलेली उंची गादीही व्यर्थ जाते. तीन बाजूंनीं बंद असलेला खोका आडोशाला ठेवणें बरें. कुत्रा वेटोळें करून, नाक शेपटींत खुपसून निजतो. अंथरूण त्या वेटोळ्याहून थोडेंच मोठें असावें, कारण फार मोठा खोका त्याच्या अंगच्या उबेनें भरत नाहीं. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडलेले असतात. त्याला पाय पसरण्यापुरती जागा आणि सहज ओलांडतां येईल अशी ठेंगणी कड द्यावी. मांजराला उंचावरची जागा अधिक आवडते.

तिसरी वाट ओलाव्याची. पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून ओलसर अंथरुणापेक्षां कोरडें पोतें केव्हांही चांगलें. अंथरूण वरचेवर धुवावें व कडक उन्हांत पूर्ण वाळवावें. त्यानें पिसवांचाही उपद्रव कमी होतो.

खरी जोखीम असते ती नवजात पिलांची. पहिल्या आठवड्यांत त्यांना कांपून ऊब आणतां येत नाहीं. आई दूर गेली आणि पिलूं गारठलें, कीं त्याचें चोखणें मंदावतें व दूध पचत नाहीं. अशा पिलाला घाईनें दूध पाजूं नये. आधीं हळूहळू ऊब द्यावी. गरम पाण्याची पिशवी फ्लॅनेलांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे चटका वाटल्यास पिलाला दूर सरकतां येईल. बंद खोलींत कोळशाची शेगडी कधींही ठेवूं नये. तींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि तो जनावराप्रमाणें माणसाचाही प्राण घेतो.

अंथरूण पुरेसें आहे कीं नाहीं, याची साक्ष पहांटे मिळते. कुत्रा अंग घट्ट आवळून कुडकुडत असेल, किंवा आपली जागा सोडून चुलीपाशीं जाऊन निजला असेल, तर कोठें तरी एक वाट उघडी राहिली आहे, असें जाणावें. तो अंग सैल टाकून निजलेला दिसला, तर त्याची रात्र सुखाची गेली.