गोळी चुकवून पैसा वाचत नाही

आमच्या गल्लीत धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक मावशी आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना बीपी निघाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. महिनाअखेर हातात पैसे नसत, मग मावशींनी आपल्या मनाने हिशोब बसवला. एक दिवस गोळी, एक दिवस नागा. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरू लागल्या. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, म्हणून त्यांना वाटले, चालले आहे ते ठीकच आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी नळावर पाणी भरताना त्यांच्या हातातून हंडा निसटला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले. लकवा. पुढच्या तीन महिन्यांत कानातले गहाण पडले, बचत गटाचे कर्ज निघाले आणि तीन घरची कामे सुटली.

मावशी बेफिकीर नव्हत्या. त्या काटकसर करत होत्या. आपल्या घरात पैसा कमी पडला की नवऱ्याच्या डब्याला नाही, पोरांच्या फीला नाही, बाई सगळ्यात आधी स्वतःच्या औषधाला कात्री लावते. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण बीपी आणि शुगर हे दोन्ही आजार आतल्या आत काम करतात. दुखत नाही म्हणजे बरे झाले असे त्यात नसते. रोजच्या गोळीत नागा करून जो पैसा वाचतो, तो पुढे दवाखान्यात कितीतरी पटीने मोजावा लागतो. तेव्हा गोळी चुकवायची नाही. गोळीवरचा खर्च मात्र नक्की कमी करता येतो. तो कसा, ते पाहू.

गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि मागून वाचा. त्यावर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले नाव, दुसरे औषधाचे मूळ नाव. आजारावर काम करते ते मूळ औषध. बीपीसाठी अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, शुगरसाठी मेटफॉर्मिन, तापासाठी पॅरासिटामॉल, सर्दी-खाजेसाठी सिट्रिझिन ही रोजच्या वापरातली मूळ नावे. २०१८ पासूनचा नियम असा आहे की साध्या औषधांवर हे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापले पाहिजे. नावाशेजारी ५ मिग्रॅ, ४०, ५०० असा आकडा असतो, ती गोळीची ताकद. मूळ नाव आणि हा आकडा, एवढे दोनच शब्द वहीत उतरवून ठेवा. शाळेत जाणारे पोर हे काम पाच मिनिटांत करून देते.

त्याच नावाची, त्याच ताकदीची गोळी जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळते. काही गोळ्यांचा फरक तर याहून खूप मोठा असतो. अम्लोडिपिन किंवा साधी मेटफॉर्मिन यांची दहा गोळ्यांची पट्टी तिथे दहा रुपयांच्या आत येते. "स्वस्त म्हणजे हलकी" असा समज आपल्याकडे पक्का आहे. कापडाच्या बाबतीत तो खरा असेलही. औषधात मात्र किंमत वाढते ती बरीचशी नावाच्या जाहिरातीमुळे, कंपनीच्या माणसांच्या फेऱ्यांमुळे आणि मधल्या नफ्यामुळे.

इथे एक अडचण येते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले असेल तर मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दुसऱ्या कंपनीची गोळी देऊ नये असा कायदा आहे. म्हणून हे बोलणे डॉक्टरांशीच करायचे. "डॉक्टर, मूळ नाव लिहून द्या, मला जनऔषधीतून घ्यायचे आहे," एवढे म्हणायला लाजू नका. डॉक्टरांनी मूळ नाव, तेही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहावे, असे २०१६ पासून त्यांच्याच नियमावलीत आले आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही.

नेहमीच्या मेडिकलमध्ये "जेनेरिक घ्या, निम्म्या भावात देतो" असे सांगतात, तिथे थोडे सावध राहा. अशा पट्टीवर किंमतच इतकी वाढवून छापलेली असते की निम्मी केली तरी ती जनऔषधीपेक्षा महाग पडते. सूट किती मिळाली हे विचारू नका, एका गोळीला किती पैसे पडले ते काढा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. फिट्स, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका. या औषधांत थोडासा फरकही चालत नाही.

जनऔषधीतही जायची गरज अनेकांना नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी, औषध, भरती सगळे मोफत झाले आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे मिळतात. महापालिकेची रुग्णालये आणि सरकारी मेडिकल कॉलेजे या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे पैसे पडतात. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये महापालिकेचा आपला दवाखाना असतो, तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे. रांग असते, हे खरे. कधी गोळी संपलेली असते, हेही खरे. म्हणून शेवटची गोळी संपायची वाट न पाहता आठ दिवस आधी जा. दिवसभराचा रोज बुडवून हेलपाटा घालण्यापेक्षा चार घरच्या वह्या घेऊन आधी एकीने जाऊन गोळ्या आल्या आहेत का ते विचारून यावे. आमच्या गल्लीत आता असेच चालते.

आता जिथे खरोखर कात्री लावायची तिकडे वळू.

अंगात कणकण आली, थकवा आला की आपण म्हणतो, "एक सलाईन लावा, ताकद येईल." दवाखान्यातही नाही म्हणत नाहीत. त्या बाटलीत काय असते? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे पाच चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. बाकी सगळे पाणी. ज्याला तोंडाने पाणी पिता येत नाही, ज्याची उलटी थांबत नाही, जो बेशुद्ध आहे, त्याचा जीव सलाईन वाचवते. पण जो स्वतः चालत दवाखान्यात आला आणि चहा पिऊन बसला आहे, त्याने तीनशे-चारशे रुपये देऊन पाच चमचे साखर शिरेतून घेण्यात काय मिळवले? वर सुई नीट नसेल तर नवा आजार पदरात. तीच गोष्ट ताकदीच्या इंजेक्शनची आणि लाल बाटलीतल्या टॉनिकची. पोरांच्या वाढीच्या पावडरच्या डब्याचे पैसे शेंगदाणे आणि अंड्यावर लावा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा.

जुलाबात मात्र साखर-मीठ-पाणीच औषध आहे, पण मापाने. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर लहान लेकराला अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे टाकू नका. आशाताईंकडे ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायचे असते. दुकानातल्या रंगीत, गोड पाण्याच्या डब्या म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त आले तर मात्र घरी थांबायचे नाही.

साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागत नाही, ते व्हायरसवर चालतच नाही. मागून घेऊ नका. डॉक्टरांनी तपासून दिले असेल तर मात्र त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करा. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवणे ही बचत नाही.

टीबीचे औषध पूर्ण मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना एक हजार रुपये बँक खात्यात येतात. खाते आणि आधार जोडलेले आहे का तेवढे पाहा. मुलींसाठी जनऔषधी केंद्रात सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळते, २०१९ पासून.

मोठे ऑपरेशन निघाले तर कर्ज काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मदत मिळते. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, भरती होतानाच त्याला गाठायचे. बिल झाल्यावर गेलात तर काम होत नाही, असा आमचा दोनदा अनुभव आहे. रेशन कार्ड, आधार, जुन्या चिठ्ठ्या आणि ती गोळ्यांची वही एका प्लास्टिकच्या पिशवीत दारामागे टांगून ठेवा. मावशींना नेले त्या दिवशी रेशन कार्ड शोधण्यात पाऊण तास गेला होता. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यातले काही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा, गाडीला पैसे लागत नाहीत. लकव्याची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मावशी आता काठी घेऊन नळापर्यंत येतात. गोळ्या आरोग्य केंद्रातून आणतात, फुकट. रोज सकाळी चहाबरोबर एक, नागा नाही.