नकाराची किंमत : उदगीरकडून पाहिलेलं स्वातंत्र्य

मराठवाड्यात स्वातंत्र्याचा झेंडा वर्षातून दोनदा चढतो. १५ ऑगस्टला देशाबरोबर आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, आपला म्हणून. दिल्लीत सत्तांतर झालं तेव्हा उदगीर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होतं. इथल्या माणसांना आणखी तेरा महिने थांबावं लागलं आणि ते महिने निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांच्या दहशतीत गेले. स्वातंत्र्य एका रात्रीत सगळ्यांच्या दारी पोचत नाही, हे या भागाला वेगळं शिकवावं लागत नाही.

स्वातंत्र्याचा विचार करताना तत्त्वज्ञ बहुधा एकट्या माणसाच्या इच्छेपासून सुरुवात करतात. समाजशास्त्राचे प्रश्न निराळे असतात: स्वातंत्र्य कुणाला, कशापासून आणि कुणाच्या जिवावर? समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन यांनी १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात असं मांडलं, की स्वातंत्र्य हा माणसामाणसांतला संबंध असतो. एकाचा हात मोकळा असतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याचा बांधलेला असल्यामुळे. या विचाराला मी इथल्या मातीतली एक कसोटी लावू पाहतो. आपल्याहून बलवान माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का? आणि म्हटल्यानंतर त्याच गावात, चूल पेटती ठेवून, मान वर करून राहता येतं का?

संस्थानातली रयत

इतिहासाच्या पुस्तकात उदगीर येतं ते १७६० च्या लढाईमुळे. पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी निजामाला इथे नमवलं. त्या लढाईने मुलूख इकडचा तिकडे झाला, पण रयतेचा महसूल काही चुकला नाही. राजांच्या जयपराजयात रयतेचं स्वातंत्र्य कुठेच नव्हतं.

ते प्रथम दिसतं विसाव्या शतकात, माणसं सभा भरवू लागली तेव्हा. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने सभा-संमेलनांना आगाऊ परवानगी सक्तीची केली होती. राज्यकारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेला आपल्या भाषेची शाळा काढायची तरी सरकारची मर्जी सांभाळावी लागे. अशा काळात उदगीरचे वकील आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल यांनी या बंधनांना नकार दिला. त्याची किंमत त्यांनी १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात प्राण देऊन मोजली. त्यांच्या नावाची शाळा आज उदगीरात आहे. त्याच वर्षी स्थापनेआधीच बंदी घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली तो लढा १९४८ पर्यंत नेला.

ज्या प्रदेशात सभेला परवानगी लागायची, तिथल्या उदगीरात २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झालं. एका मांडवातल्या विचाराला दुसऱ्या मांडवातून उघड विरोध व्हावा आणि दोन्ही मांडव सुखरूप उठावेत, याचं मोल संस्थानाचा इतिहास माहीत असलेल्यालाच नीट कळेल.

मात्र मुक्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय सैन्याने संस्थानात केलेल्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभरच्या मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा केला. रझाकारांनी गावं जाळली हे जितकं खरं, तितकंच हेही खरं. या सुडाला बळी पडलेल्या कितीतरी माणसांनी रझाकारांना साथ दिली नव्हती, त्यांचा दोष होता तो फक्त धर्म. ज्या मुक्तीत शेजाऱ्याला भीती वाटते, ती मुक्ती अर्धीच राहते.

वेशीबाहेरचा हिशेब

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि समाजात-अर्थव्यवहारात विषमता, असं विसंगतीचं जीवन आपण सुरू करत आहोत. त्या इशाऱ्याची प्रचिती मराठवाड्याला १९७८ साली आली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

वाद नावाचा दिसत होता. त्याखाली मात्र जुनी कामं नाकारणाऱ्या, शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या माणसांविषयीचा राग होता. मेलेलं जनावर ओढणार नाही, वेठीला येणार नाही, असं म्हणणारा माणूस गावाला खुपत होता. कायद्याने दिलेला हक्क गावाच्या कबुलीवाचून किती तोकडा पडतो, हे त्या दिवसांनी दाखवून दिलं.

उचल आणि कोयता

आज नकाराची सर्वांत कठोर परीक्षा होते ती ऊसतोडीच्या करारात. जळकोट, अहमदपूर, कंधार, मुखेडकडच्या तांड्यांवर आणि वाड्यांवर पावसाळ्यात मुकादम येतो. घरात खतांची उधारी असते, लेकीचं लग्न असतं, दवाखाना असतो. तो उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणजे बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरतात. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं. दुखणं आलं, खाडा पडला, की पैसे कापतात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

कागदोपत्री हा मजूर स्वतंत्र आहे. तो मतदान करतो, त्याने करार राजीखुशीने केलेला असतो. मार्क्सने भांडवली व्यवस्थेतल्या मजुराबद्दल हेच सांगितलं होतं: तो आपली श्रमशक्ती विकायला मोकळा असतो आणि विकायला दुसरं काही त्याच्यापाशी उरलेलं नसतं. आपल्या साखरेच्या प्रत्येक पोत्यात त्याची न मिळालेली विश्रांती आहे.

यावर महाराष्ट्रानेच एक उत्तर शोधलं होतं. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवातून, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेला बळ मिळून, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचं मोल मजुरीपुरतं नव्हतं. गावालगत हक्काचं काम मिळालं, की मजूर जमीनदाराला सांगू शकतो: या दरात मी येत नाही. हमी जिथे कागदावर राहते, तिथे मुकादमाला नाही म्हणणारा कुणी उरत नाही.

मोकळं शहर, एकटा माणूस

गावाच्या नजरेतून सुटायला माणसं शहरात जातात. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली महानगराविषयी लिहिताना दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या: शहरात कुणी ओळखत नाही म्हणून माणूस मोकळा होतो आणि कुणी ओळखत नाही म्हणूनच एकाकी पडतो. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९४१ साली पुढचं पाऊल टाकलं. जुनी बंधनं तुटल्यावर आलेला एकटेपणा सोसवेना, की माणूस पुन्हा कुणातरी बलवानाच्या मागे उभा राहतो.

आपल्या लातूर जिल्ह्यात या एकटेपणाचा अनुभव ‘लातूर पॅटर्न’मध्ये, म्हणजे प्रवेश परीक्षांच्या घोटीव तयारीत, येतो. उदगीर, देवणीकडची मुलं लातूरला खोली करून राहतात, मेसचं जेवतात, चाचणी परीक्षांच्या गुणांवर स्वतःची किंमत ठरवतात. डॉक्टर व्हायचं की नाही, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. पण त्यांना दोष देता येत नाही. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता आपण त्यांना दाखवलेला नाही.

मुलींचं स्वातंत्र्य तर आणखी बारीक गोष्टींवर टिकून असतं. खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलीच्या दप्तरात एसटीचा मोफत पास असतो. त्या पासाने तिचं शिक्षण बापाच्या खिशापासून सोडवलं आहे. पण संध्याकाळची गाडी रद्द झाली आणि अंधारात फाट्यावर थांबावं लागलं, की घरात ‘पुरे झालं शिक्षण’ हा विषय निघतो. तिच्या नकाराला बळ देणारी गोष्ट म्हणजे वेळेवर येणारी गाडी.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचं म्हणणं इथे पटतं: समाजाचे नियम आणि आधार नसतील, तर स्वातंत्र्य ही दुबळ्याची नुसती असहायता ठरते. मुक्तिसंग्रामाच्या पिढीने परक्या हुकमाला नकार दिला, नामांतराच्या पिढीने शेजाऱ्याच्या हुकमाला. आमच्या पिढीपुढचा हुकूम गरजेचा आहे. तो कुणा एकाच्या तोंडून येत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. हक्काचं काम, वेगळी मोजलेली मजुरी, चालू दवाखाना आणि वेळेची एसटी ही विकासाची यादी वाटते; माझ्या लेखी ती मुक्तिसंग्रामाची उरलेली कामं आहेत, आणि ती हातावेगळी करणं हे आमचं देणं आहे.