सरकारी कोटाची लोकर

भोपाळच्या अवधपुरीत डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की भेलच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाकी आणि गडद निळे गरम कोट दिसू लागतात. शिपाई, पहारेकरी, लाइनमन. हिवाळी गणवेश ही नोकरीतली हक्काची बाब, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण सरकारने कोट वाटायला घेतले, ते काही केवळ शिपायाला थंडी वाजते म्हणून नव्हे.

ईस्ट इंडिया कंपनीवर इंग्लंडातली लोकरी बनात इकडे खपवण्याची सक्ती होती. आपल्या उकाड्यात तिला गिऱ्हाईक कुठून मिळणार? बराच माल दरबारी नजराण्यांत आणि पलटणींच्या लाल डगल्यांत जिरे. गिऱ्हाईक सरकार, विकणारंही सरकारच.

पुढे 1876 मध्ये कानपुरात लोकरीची गिरणी उभी राहिली, तीच लाल इमली. कानपूर म्हणजे काही मेंढरांचा मुलूख नव्हे. तिथे छावणी होती, रेल्वे होती आणि लष्कराला हवी होती ब्लँकेटं. जॉर्ज अ‍ॅलन, गॅविन जोन्स वगैरे साहेबांनी ही मागणी हेरली. पंजाबात धारीवालची गिरणीही याच वाटेने वाढली आणि 1920 मध्ये दोन्ही ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनच्या छत्राखाली आल्या.

कंत्राटाची खरी मेख होती मोहोरबंद नमुन्यात. पसंत पडलेल्या कपड्यावर लाखेची मोहोर मारून तो कचेरीत ठेवत आणि पुरवठ्याचा माल त्याच्याशी ताडून पाहत. वजन, पन्हा, रंग, वीण. हजारावा कोटही पहिल्यासारखाच हवा.

इथेच आपली घोंगडी बाद झाली. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बहुधा काळी. काळ्या लोकरीवर खाकी रंग चढत नाही. सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून हाताने विणणार, मग एक घोंगडी दुसरीसारखी येईलच कशी? पावसात मेंढपाळाचं अंग सांभाळणारी ही वस्तू निविदेच्या कागदावर मात्र कुठेच बसेना. गिरणीत उलट. विणलेलं कापड साबणाच्या गरम पाण्यात चेचून मुद्दाम आटवतात. धागे एकमेकांत गुंततात, कापड दाट होतं; मग वरून तंतू उकरून लव काढली की वीण दिसेनाशी होते आणि वारा आत शिरत नाही. मऊ कापडासाठी मेरिनो लोकर ऑस्ट्रेलियातून येई. तरी कापड ‘देशी’च म्हणायचं!

पहिल्या महायुद्धात इंग्लंडचा माल वेळेवर येईना, तेव्हा इथल्या गिरण्यांचे बहुतेक माग लष्करासाठी चालू लागले. 1917 मध्ये म्युनिशन्स बोर्ड आलं आणि 1922 मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट. तोपर्यंत लंडनहून होणाऱ्या सरकारी खरेदीचं एक दार अखेर इथे उघडलं. राष्ट्रीय नेते तरी दुसरं काय मागत होते? सरकारने खरेदी इथेच करावी, एवढंच. माझ्या मते संरक्षक जकातींइतकाच या मागणीचाही देशी उद्योगाच्या इतिहासात मान आहे. तिच्याबद्दल लिहिलं मात्र फार कमी गेलं. ठाण्याच्या खाडीकाठची रेमंडची गिरणीही सुरुवातीला जाडीभरडी ब्लँकेटं आणि स्वस्त लोकरी कापडच काढत असे. उंची सुटाचं कापड नंतरचं, 1944 मध्ये सिंघानियांनी ती घेतल्यानंतरच्या काळातलं.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण पद्धत राहिली. पट्टेवाल्याला उन्हाळी वेगळा, हिवाळी वेगळा गणवेश, वर धुलाई भत्ता. कापड यायचं, पण कधी हिवाळा सरल्यावर, आणि शिलाईचे पैसे पुरायचे नाहीत, ही तक्रार कचेरीत जुनीच. 1981 मध्ये लाल इमलीही सरकारच्या मालकीची झाली. आज तिचे माग कित्येक वर्षं थंड आहेत. स्वस्त ब्लँकेटांचा बाजार पानिपतने काबीज केला. जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचाच पुन्हा धागा काढण्यात त्या गावाचा हात धरणारं कोणी नाही.

मग आलं 2017. सातव्या वेतन आयोगानंतर जुलैपासून केंद्राने गणवेशाच्या ठरावीक कर्मचाऱ्यांना कापडाऐवजी रोख ड्रेस भत्ता सुरू केला: पदानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपये. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला स्टोअर्स डिपार्टमेंटचा वारसा चालवणारं केंद्राचं पुरवठा महासंचालनालय बंद झालं आणि खरेदी जेम या संकेतस्थळावर गेली. हिवाळी कोट आता ज्याचा त्याने बाजारातून घ्यायचा; त्यात लोकर किती आणि पॉलिएस्टर किती, हे ताडून पाहायला मोहोरबंद नमुना नाही.