व्यसनमुक्ती झाली, पितृत्वाचे काय?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी शुल्काचे हप्ते पाडून मिळावेत म्हणून अर्ज घेऊन आला. अर्जावर पालक म्हणून आईची सही होती. वडील हयात असल्याचे त्याच अर्जात नमूद केलेले होते, म्हणून सहज चौकशी केली. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, वडील घरीच असतात. गर्द सोडून त्यांना आठ महिने झाले. टेम्पोवर जातात, पगार आईच्या हातात देतात. पण सही मागायची म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतं. काय बोलायचं ते त्यांना सुचत नाही, आणि आम्हालाही नाही."

या उत्तरात तक्रारीचा सूर नव्हता. तथापि व्यसनमुक्तीचा जो हिशेब आपण समाज म्हणून मांडतो, त्यातली एक मोठी उणीव त्या मुलाने नेमकी दाखवून दिली. व्यसनातून बाहेर पडलेल्या पुरुषाविषयी आपण दोनच प्रश्न विचारतो. पुन्हा घेतो का? आणि कामावर जातो का? या दोहोंची उत्तरे समाधानकारक आली की पुनर्वसन पूर्ण झाले असे आपण मानतो. तो मुलांचा बाप म्हणून घरी परतला आहे काय, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारला जावा, आणि त्याच्या उत्तराची जबाबदारी एकट्या कुटुंबावर टाकली जाऊ नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

चाळीस वर्षांची वाटचाल

अफू आपल्या देशाला नवी नाही. परंतु हेरॉईनचे भेसळयुक्त रूप असलेली ब्राऊन शुगर, म्हणजे आपल्या बोलीतले गर्द, मुंबई-पुण्याकडच्या वस्त्यांत पसरले ते १९८० नंतरच्या दशकात. अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा १९८५ साली झाला व त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. हा दिवस बालदिनाचा. हा निव्वळ योगायोग. कारण व्यसनी माणसाच्या घरातील मुलांचा विचार त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा गुन्हा किंवा दुर्गुण नसून आजार आहे आणि त्याच्या उपचारात कुटुंबालाही स्थान हवे, ही दृष्टी मराठी समाजात रुजवण्याचे मोठे श्रेय या संस्थेकडे जाते.

एवढे होऊनही प्रश्नाचा आवाका वाढतच गेला. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अफू, हेरॉईन आणि अफूजन्य औषधे यांचे सेवन करणाऱ्यांची संख्या त्यात सुमारे २ कोटी २६ लाख दाखवली असून, त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराची वा मदतीची गरज आहे असा अंदाज दिला आहे. ज्या थोड्या राज्यांत हा भार एकवटला आहे, त्यांत महाराष्ट्र आहे. व्यसन जडणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे आणि वय बहुधा ऐन कर्तेपणाचे. हे ध्यानात घेतले, तर या लाखांच्या आकड्यामागे किती मुले उभी असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अमेरिकेत ही मोजदाद झाली आहे. तेथे १९९६ नंतर वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांचा सुळसुळाट झाला. त्यामागून हेरॉईन आणि पुढे फेंटानिल आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०११ ते २०२१ या अकरा वर्षांत अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे ३,२१,५६६ अमेरिकन मुलांनी आई किंवा बाप गमावला. त्यांपैकी १,९२,४५९ मुलांचे वडील गेले. हे मृत्यूचे आकडे झाले. जे बाप जगले, सावरले आणि घरी आले, त्यांच्या मुलांची मोजणी याहून अवघड. कारण त्यांचा बाप हरवलेला असतो आणि नसतोही.

दोन सिद्धांत, एकच माणूस

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे गॅरी बेकर यांची आठवण होणे साहजिक आहे. कुटुंबातील व्यवहारांचे अर्थशास्त्रीय विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १९८१ चा. केव्हिन मर्फी यांच्यासमवेत त्यांनी व्यसनाविषयी लिहिलेला गाजलेला निबंध १९८८ चा. व्यसन म्हणजे पूर्वीच्या सेवनाचा साठा. तो जितका मोठा, तितकी आजची ओढ तीव्र, असे त्या निबंधाचे एक सूत्र आहे. माणूस पुढचा सर्व विचार करून व्यसन करतो हे त्यांचे गृहीतक अनेकांना पटलेले नाही, प्रस्तुत लेखकालाही नाही. परंतु साठ्याची कल्पना मोलाची आहे. पितृत्व हाही साठाच आहे. रोज थोडे बोलणे, शाळेच्या फाटकापाशी उभे राहणे, तापात उशाशी बसणे, दिलेला शब्द पाळणे, यांतून तो थेंबाथेंबाने जमतो. व्यसनाच्या वर्षांत एक साठा वाढत असतो आणि दुसरा आटत असतो. उपचाराने पहिल्याचा जोर कमी करता येतो. दुसरा मात्र आपोआप भरत नाही.

यात आणखी एक पेच आहे. अफूजन्य व्यसनात सापडलेल्या माणसाला उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आजचा लहान लाभ इतरांहून अधिक मोलाचा वाटतो, हे पैशांविषयीच्या साध्या प्रयोगांतून १९९७ पासून वारंवार दिसून आले आहे. भविष्य त्याच्या लेखी फार लवकर फिके पडते. आता मूल वाढवणे म्हणजे काय? आज घातलेल्या कष्टाचे फळ पंधरा-वीस वर्षांनी पाहणे. याहून लांबच्या मुदतीची गुंतवणूक सामान्य माणसाच्या आयुष्यात दुसरी नाही. ज्याची उद्याकडे पाहण्याची दृष्टीच दुखावली आहे, त्याच्याकडून आपण उद्याचेच काम मागतो.

त्यात व्यसनमुक्तीचा मंत्र 'फक्त आजचा दिवस' असा असतो, आणि तो योग्यच आहे. जन्मभर घेणार नाही ही शपथ जड. आज घेणार नाही हा निश्चय पेलण्याजोगा. पण घरातले मूल आजवर थांबत नाही. ते विचारते, "रविवारी नेणार ना?" आजपुरते जगायला शिकलेल्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. मागे दिलेले सगळे रविवार मोडलेले आहेत, हे बापाला ठाऊक असते आणि मुलालाही.

बापपण शिकता येते

सावरणाऱ्या बापाच्या घरी घडते काय, ते पाहू. पहिले काही महिने झोप नीट नसते, चिडचीड असते, साध्या गोष्टींतला आनंद परतलेला नसतो. अनेकांना बुप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. ते वैद्यकशास्त्राला मान्य असलेले उपचार होत. तरीही घरात "गोळी चालू आहे म्हणजे व्यसन चालूच" असे ऐकवले जाते. मनात अपराधाची बोच असते. तिच्या पोटी तो मुलासाठी ऐपतीबाहेरची वस्तू आणतो, मागेल ते देतो. मग एके दिवशी मूल ऐकत नाही असे दिसताच एकदम कडक होतो. तीन वर्षे ज्याने गृहपाठाची वही पाहिली नाही, तो आज गुणपत्रिकेवरून हात उगारतो. मूल त्याला मोजत नाही. तो घराबाहेर पडतो. आणि बाहेर जुने सोबती असतातच.

या चक्राचे शास्त्रीय विवेचन अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जेरल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वीच केले होते. मूल हट्ट करते, पालक ओरडतो, हट्ट वाढतो, पालक हार मानतो. यातून हट्ट केला की मिळते हे मूल शिकते आणि हार मानली की शांतता लाभते हे पालक शिकतो. दोघेही एकमेकांना बिघडवतात. हे चक्र मोडण्याची रीत मात्र शिकवता येते. एका वेळी एकच स्पष्ट सूचना द्यावी. चांगले वागणे दिसताच त्याची दखल घ्यावी. नियम थोडे असावेत पण ते रोज तेच असावेत. राग आला असता आधी स्वतः शांत व्हावे, मग बोलावे. यात तत्त्वज्ञान काही नाही. सुतारकामाप्रमाणे सरावाने येणारे हे कसब आहे.

याच परंपरेतून ओरेगॉनमध्ये घटस्फोटित व विभक्त पित्यांसाठी एक पाठ्यक्रम इंटरनेटवरून देण्यात आला व त्याच्या परिणामांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकत्व आणि अफूजन्य व्यसन यांच्या संबंधाचा विचार करणारे स्वतंत्र केंद्रही त्याच वर्षी ओरेगॉन विद्यापीठात सुरू झाले. आपल्या दृष्टीने यातला महत्त्वाचा धागा हा, की बाप दवाखान्यात येण्याची वाट न पाहता शिकवणीच बापाकडे जाऊ शकते.

आपल्याकडे याची गरज अधिक आहे. पालकत्वाविषयीची आपली सारी व्यवस्था आईला धरून उभी आहे. अंगणवाडीची वेळ, शाळेतील पालकसभेची वेळ, समुपदेशकाची वेळ, या सर्व दुपारच्या, म्हणजे टेम्पो चालवणाऱ्या किंवा गोदामात हमाली करणाऱ्या बापाला रोजंदारी बुडवल्याखेरीज न साधणाऱ्या. ज्याची नोकरी आधीच डळमळीत, त्याने गेलेला दिवस कोठून भरून काढावा? शिवाय चारचौघांत "मला मुलाशी बोलता येत नाही" असे म्हणण्याची त्याला लाज वाटते. रात्री जेवणानंतर मोबाईलवर पंधरा मिनिटांचा मराठी पाठ ऐकणे, त्यातली एकच गोष्ट आठवडाभर करून पाहणे आणि रविवारी समुपदेशकाशी दूरध्वनीवर बोलणे, हे मात्र त्याच्या आवाक्यातले आहे. यात रोजंदारी बुडत नाही, आणि शेजाऱ्याला कळतही नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप उपेक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप मुलांच्या आणि त्यांच्या आईच्या सुरक्षिततेचा. ज्या घरात मारहाण झाली आहे, तेथे बापाला 'पुन्हा संधी' देण्याचा आग्रह बाहेरच्यांनी धरू नये. बापाचा हक्क हा येथे मुद्दाच नाही. मुलाचे हित हा मुद्दा आहे. काही घरांत त्या हितासाठी दूर राहणेच योग्य ठरेल, आणि दूर राहून जबाबदारी कशी निभवावी हेही शिकवावे लागेल. नवऱ्याची जामीनदार म्हणून पुन्हा बायकोलाच उभे करण्याची चूक तर कदापि होऊ नये. तिने बरीच वर्षे दोघांचे ओझे वाहिले आहे.

दुसरा आक्षेप असा, की यंत्रावरून माया शिकवता येते काय? येत नाही. मोबाईलवरचा पाठ औषधाची, समुपदेशनाची किंवा सावरलेल्यांच्या गटाची जागा घेऊ शकत नाही. तो पूरक आहे. त्याच्या मागे आवाज ओळखणारा, नाव घेऊन विचारणारा माणूस नसेल, तर तोही इतर शेकडो चित्रफितींत हरवून जाईल.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर अर्थशास्त्र देऊ शकते. शिकवणारे मनुष्यबळ आपल्यापाशी थोडे आहे. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत जेमतेम एकाला उपचार मिळतात असे त्याच पाहणीत आढळले. अशा टंचाईत एकदा तयार केलेला पाठ हजारांना पुरवण्याचा वाढीव खर्च जवळजवळ नगण्य असतो. महाग असते ते माणसाचे लक्ष, आणि म्हणूनच ते रविवारच्या त्या संभाषणासाठी राखून ठेवावे.

काय करता येईल?

सुरुवात लहान असावी. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांनी दाखल करतानाच्या नोंदीत मुलांची संख्या व वये विचारावीत आणि ती माहिती उपचाराचा भाग मानावी. घरी पाठवण्यापूर्वी मुलांशी पहिली भेट कशी व्हावी, याची तयारी करून घ्यावी. त्यानंतर सहा महिने मोबाईलवरील पाठ आणि दर आठवड्याला एक संभाषण असा क्रम ठेवावा. पाच-सात वर्षे निर्व्यसनी राहिलेल्या बापांना मानधन देऊन यात घ्यावे. त्यांचा शब्द जेथे लागू पडतो, तेथे आम्हा पदवीधरांचा पडत नाही. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून दूरध्वनीवरून सल्ला देणारी सरकारी यंत्रणा उभी आहे. व्यसनमुक्तीसाठीही वेगळा क्रमांक आहे. तेथील समुपदेशकांना या विषयाचे शिक्षण देणे अवघड नाही.

आणि आपण शिक्षकांनीही थोडे करावे. असा बाप कधी शाळेत किंवा महाविद्यालयात आला, तर त्याच्या जुन्या कर्माची उजळणी नको आणि उपदेशही नको. त्याच्या मुलाची एखादी चांगली गोष्ट त्याला सांगावी. घरी जाऊन मुलाशी बोलण्यासाठी त्याला एक वाक्य मिळेल.

त्या विद्यार्थ्याचा अर्ज आईच्या सहीवर मंजूर झाला. पुढच्या सत्राच्या हप्त्याचा अर्ज त्याने आणला, तेव्हा खाली दोन सह्या होत्या. दुसरी थोडी थरथरती, अक्षर न अक्षर सुटे लिहिलेली. "काय बोललास?" असे मी विचारले. तो म्हणाला, "काही नाही सर. कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, कुठे करायची? मी बोट ठेवलं."

एवढ्यावर संबंध जुळतात असे नाही. परंतु जेथे बोट ठेवायचे ती जागा या बापांना दाखवणे, हे आता मुलांच्याच माथी असू नये.